तांबड्या रंगाने मी थांबत नाही

मित्रांनो, माझ्याकडे बघून ‘किती गोड गाडी!’ असं आज कुणी म्हणू नका. मी गोड नाही. मी संतापलेली आहे. भर रस्त्यात, चार माणसांदेखत मला ‘दगाबाज’ म्हटलं गेलं, भंगारात घालायची भाषा झाली. देवाने मला तोंड दिलं असतं तर तिथेच उत्तर दिलं असतं. हॉर्न दिला, पण तोही त्या वेळी वाळूत बुजला होता.

तर मी एक जुनी मोटार आहे. पन्नाशी केव्हाच उलटली. रंग सायीसारखा, नाक गोल, दिवे डोळे वटारल्यासारखे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे चाकाच्या आतला लोखंडी डबा. पायाने ब्रेक दाबला की नळीतल्या तेलाचा दाब चाकापर्यंत जातो, डब्यातले दोन पट्टे पसरून त्याला आतून घट्ट धरतात आणि चाक थांबतं. जुनी रचना खरी, पण निगा राखा, ती शब्दाला जागते.

माझे पहिले मालक गाडी चालवायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्या स्टिअरिंगमागे कोण कोण बसलं नाही! सरळ रस्त्यावर देवाचा धावा करणारा शिंपी, वळण आलं की डोळे मिटणारी परिचारिका, गिअर बदलताना गिअरचीच क्षमा मागणारा कारकून. दिवसातून शंभर वेळा ब्रेक दाबला जाई. मास्तर म्हणायचे, “गाडी पळवायला कुणीही शिकतं हो. थांबवायला शिका, मग माझी फी द्या.” त्यांच्या हयातीत मी कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. ज्याचं त्याला श्रेय द्यावं, ते मास्तरांचं होतं.

मास्तर गेले. माझ्यावर आच्छादन पडलं ते सात वर्षं. टायर बसले, उंदरांनी मागच्या सीटमध्ये संसार थाटला, आणि ब्रेकच्या तेलात हवेतला ओलावा मुरत राहिला. मास्तरांच्या पत्नी तेवढ्या अधूनमधून येत, आच्छादनावरून हात फिरवत आणि म्हणत, “आहेस ना गं?” मी होते.

मग त्यांच्या मुलाला माझी आठवण झाली. छापखान्यात मुद्रितं तपासणारा हा मुलगा. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळात तो सामील झाला आणि घरी येऊन म्हणाला, “आई, बाबांची गाडी यंदा प्रदर्शनात न्यायची.”

आई म्हणाल्या, “ने की. पण पुढे मी बसणार. ती माझी जागा आहे.”

मला काय आनंद झाला! पण थांबा. हातात पैसा बेताचा होता, यात लाज कसली? बेताच्या पैशात संसार होतात. प्रश्न असतो आधी काय आणि मग काय, एवढाच. त्याने आधी रंग दिला. मग झगमगीत चाकं. मग हॉर्न, बोटीसारखा वाजणारा! आणि ब्रेक? ब्रेक दिसत नाहीत ना कुणाला.

मला लहानपणापासून ओळखणारा मिस्त्री आला. चाक उघडून बघितलं, नळी चिमटीत धरून वाकवली. तिला चिरा पडल्या.

“साहेब, डिस्क ब्रेकच्या नादी लागू नका. आहेत ते ड्रमच नीट करू. नवे पट्टे, नव्या रबरी नळ्या, ताजं तेल, आणि दोन खणांचा मास्टर सिलिंडर. एका खणाने दम सोडला तर दुसरा गाडी थांबवेल. तुमच्या पैशांत बसतं सगळं.”

“पण मंडळात सगळ्यांच्या गाड्यांना डिस्क आहेत हो.”

“मग मंडळाला सांगा, उतारावर मागून धरायला या.”

मुलगा रागावला. मिस्त्रीला चहाही न विचारता वाटेला लावलं. अपघातात मोडलेल्या एका नव्या गाडीचे पुढचे डिस्क त्याने भंगारवाल्याकडून आणले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन बाजूंनी चिमटा धरतो. दोन सुट्ट्यांत घरच्या घरी बसवले. नळ्या जुन्याच. तेल जुनंच, वर थोडं नवं ओतलं. आणि पायाचा दाब तेलात भरणारा मास्टर सिलिंडर, तोही जुनाच! अरे, तो ड्रमसाठी घडलेला. पाय उचलला तरी नळीत थोडा दाब धरून ठेवणं हे त्याचं कामच. ड्रमला तेवढा लागतो. डिस्कचा चिमटा मात्र त्याने सुटतच नाही, तबकडीला घासत राहतो. जिथे खर्च करायचा तिथे हात आखडला, आणि त्या चिमट्यांना तांबडा रंग फासला! चाकाच्या जाळीतून दिसावा म्हणून! सांगा मित्रांनो, कुणाचं डोकं फिरणार नाही?

प्रदर्शनाची सकाळ. आई इस्त्रीची साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. पाण्याच्या टाकीपासून बाजारापर्यंत लांब उतार आहे. निम्म्यावर माझी पुढची चाकं चुलीसारखी तापली.

“अरे, काहीतरी जळतंय,” आई म्हणाल्या.

“नवा रंग आहे आई, वास येणारच.”

रंग कसला, मी जळत होते! जुन्या तेलातलं पाणी उकळलं, नळ्यांत वाफ झाली. त्याने पाय दाबला आणि तो तळापर्यंत गेला, हवेत दाबल्यासारखा. पुढे चौकात माणसं. त्याने हातब्रेक ओढला, गिअर खाली घेतला, आणि मला डावीकडच्या बांधकामाच्या वाळूत घातलं. माझं नाक चेपलं. आईंचा चष्मा फुटला, कपाळाला खोक पडली.

लोक धावले. आणि तो काय म्हणाला? “गाडीने दगा दिला हो! ब्रेक फेल झाले. देवाने वाचवलं. आता हिला भंगारातच घालतो!”

मी दगा दिला? मी?

आईंनी कपाळावर पदर दाबला. आवाज चढवला नाही, पण माझ्या काचा थरथरल्या. “देवाने वाचवलं हे खरं. पण देवाने मिस्त्रीच्या तोंडून आधी सांगितलंही होतं. तेव्हा तुझे कान कुठे होते? गाडीला नावं ठेवू नकोस. मुद्रितात दुसऱ्याची चूक दिसते, तशी आज स्वतःची बघ.”

“आई, मी मुद्दाम...”

“मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? न ऐकता केलंस.”

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मिस्त्रीच्या दारात गेला. मिस्त्रीने तिथेही एक टोमणा मारलाच, “काय साहेब, मंडळ आलं होतं का धरायला?” पण काम हातात घेतलं. डिस्क, झगमगीत चाकं आणि तो बोटीचा हॉर्न विकला. त्या पैशांत मिस्त्रीने सांगितलेलं सगळं बसलं. चेपलेलं नाक सरळ करायला मात्र काही उरलं नाही. राहू दे चेपलेलं.

मग मिस्त्रीला शेजारी बसवून तो तोच उतार तीन वेळा उतरला. दर वेळी निम्म्यावर थांबून मिस्त्रीने चाकांजवळ हात नेला. “कोमट,” तो म्हणाला. खाली आई उभ्या होत्या, कपाळाला पट्टी. मिस्त्रीने उतरून पुढचं दार उघडलं, “बसा वहिनी.”

आईंनी ते दार लावलं. मागचं उघडलं आणि मागे बसल्या.

“आई, पुढे ये ना. झालंय सगळं नीट.”

“गाडी नीट झाली आहे,” आई म्हणाल्या. “तू चालव. मी बघते.”

 तो अगदी सावकाश निघाला. मागून एक हात माझ्या पुढच्या सीटच्या पाठीवर टेकला होता. मला तो ओळखीचा होता. तरी माझा राग अजून पुरता गेलेला नाही, मित्रांनो, खोटं कशाला बोलू?

तुमच्या घरी सायकल असेल. आज तिचे दोन्ही ब्रेक दाबून बघा. रबर झिजलं असेल तर आधी ते मागा, हट्ट करून मागा. घंटी पुढच्या महिन्यात घेता येईल.