भेगांत जेवणारा मासा

थोरल्या नातीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षी जावयानं, म्हणजे तिच्या बापानं, आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली. पोरगी कुणाशी बोलत नव्हती. टाकीपुढे मात्र तासन् तास बसायची.

टाकीत परातीएवढा एक मासा होता, त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. जावयानं त्याच्या सोबतीला बोटाएवढा निळा मासा आणला. हा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे आणि मेलेली कातडी खाऊन जगतो. त्याला बघताच पैलवान आ वासून, पंख पसरून गप्प उभा राहिला आणि हा चिमुकला सरळ त्याच्या तोंडात शिरला.

"गेला!" मी ओरडलो.

तो कल्ल्यातून आरामात बाहेर आला. ज्याच्या एका घासाचा, त्याच्याच दातांवर जेवून आला होता!

"डॉक्टर आहे तो," नात म्हणाली. कित्येक दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

पण आठवड्याभरात पैलवान चकाचक झाला आणि डॉक्टर उपाशी पडला. बारीक केलेली कोळंबी टाकली, तर ढुंकून बघेना. पोट खपाटीला गेलं. दुकानदार फोनवर म्हणाला, "घरात हे पंधरा दिवससुद्धा काढत नाहीत, साहेब." ते ऐकून नात उठून आत गेली.

"जावईबापू, हा मेला तर पोरगी पुन्हा मिटेल."

"मग काय चमच्यानं भरवू, मामा?"

दुसऱ्या दिवशी टाकीतला दगड कलंडला, म्हणून मी हात घातला. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला हात. सिमेंटनं खाल्लेला, पेरापेरांवर भेगा. चारचौघांत मी तो खिशात ठेवायचो. डॉक्टर नाचत नाचत आला आणि एकेक भेग टिपू लागला. मी हात तसाच धरून ठेवला. जिवंत समुद्रच माझा हात तपासत होता.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्याला पुढ्यात टाकलेलं नको होतं, अंगावरचं हवं होतं. कोळंबी वाटून मऊ केली आणि फरशीच्या सांध्यात भरतात तशी भेगांत भरली. दिवसातून तीनदा, कोपरापर्यंत हात पाण्यात. त्यानं सगळं खाल्लं.

"आजोबा, त्या हाताला साबण लावायचा नाही हं!" नात दारातून ओरडली.

"आणि त्या हातानं माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही," बायको म्हणाली.

महिन्याभरानं नातीनं स्वतःच्या नखांभोवती कोळंबी लावून हात घातला. डॉक्टर तिच्याकडेही गेला. गुदगुल्यांनी ती खळखळून हसली. तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली, ते हसू ऐकायला.

पुढे नातीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. डॉक्टर आमच्याकडे तीन वर्षं दोन महिने जगला. तिला मुलगी झाली त्याच्या चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तो मेला.