महिला स्वच्छतागृह, चालू स्थितीत

सकाळी साडेनऊच्या सुमाराला ताईंनी दुकानाचं फडकं वर सारलं, बटणांच्या बरण्या पुसल्या आणि लेसच्या गुंडाळ्या खिळ्यांना अडकवल्या. मंडईच्या मागच्या ओळीतलं ते दुकान इतकं अरुंद होतं की दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही बाजूंच्या फळ्यांना लागत. तरी गावातल्या निम्म्या शिवणकाम करणाऱ्या बायका अस्तर, झिप आणि धागा ताईंकडूनच नेत. रंग जुळवावा तर ताईंनीच, असं त्या म्हणत.

ताईंचे यजमान जाऊन सोळा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी त्या राहत, पण भावापुढे हात पसरायची वेळ त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नाही.

शेजारच्या फळवाल्या मावशींनी चहाची किटली पुढे केली.

"घ्या ताई, अर्धा तरी."

"नको बाई. घरून घेऊन आलेय."

"रोजचंच तुमचं! माझं बघा. माझं पोट म्हणजे नगरपालिकेची टाकी. सोडायची वेळ ठरलेली, मध्ये कुणी कितीही बोंबला." मावशी हसल्या, पण चहा त्यांनीही ओतून घेतला नाही. ती किटली खरं तर समोरच्या ओळीतल्या पुरुषांसाठीच होती.

मंडईत चाळीस-बेचाळीस बायका बसत. सकाळी घरून निघताना एक भांडं पाणी प्यायचं, मग संध्याकाळी घरी गेल्यावरच पुढचा घोट, हा त्यांचा नेम. कुणी कुणाला तो शिकवला नव्हता. नवी बाई आली की चार दिवसांत आपोआप शिकायची. ज्यांचं घर जवळ होतं त्या दुपारी धावत जाऊन येत. बाकीच्या मांडीवर मांडी दाबून गिऱ्हाईक करत.

मंडईच्या मागे नगरपालिकेने बांधलेलं बायकांचं स्वच्छतागृह होतं. सहा खोल्या, वर पत्रा, दाराला निळा रंग. अकरा वर्षांपूर्वी नळाचा पाइप फुटला म्हणून त्याला कुलूप लागलं. दुरुस्ती होईपर्यंत 'तात्पुरती' म्हणून एका धान्याच्या व्यापाऱ्याने आपली रिकामी पोती आत ठेवली. व्यापारी नगराध्यक्षांचा मेव्हणा होता. पाइपचं नंतर कुणी नाव काढलं नाही. किल्ली व्यापाऱ्याच्या खिशात राहिली आणि नगरपालिका दर वर्षी न झालेल्या सफाईचा खर्च मंजूर करत राहिली.

हे सगळं ज्या माणसाला कागदोपत्री ठाऊक असायला हवं होतं, तो ताईंचा धाकटा भाऊ.

तो नगरपालिकेच्या मालमत्ता विभागात मोठा कारकून होता. गावातल्या प्रत्येक सरकारी भिंतीची, विहिरीची, गाळ्याची नोंद त्याच्या टेबलावर. कचेरीत त्याला सगळे 'नियमबुवा' म्हणत. अर्जावर तारीख नसली तर तो सख्ख्या मित्रालाही परत पाठवी. सत्तावीस वर्षांत त्याने कुणाचा एक पैसा घेतला नव्हता. त्या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि घरात चारचौघांत तो अभिमान जरा जास्तच बोलून दाखवला जाई.

दर वर्षी मार्चमध्ये मालमत्तांची पाहणी करून नोंदवही नवी करायची असा नियम होता. पाहणी म्हणजे नियमबुवा गेल्या वर्षीची वही डावीकडे ठेवी, कोरी वही उजवीकडे ठेवी आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. 'महिला स्वच्छतागृह, मंडई. सहा खोल्या. चालू स्थितीत.' अकरा वर्षं हे वाक्य त्याने अकरा वेळा लिहिलं होतं. त्यात त्याला लबाडी अशी वाटलीच नाही. मागच्या पानावर होतं तेच त्याने पुढच्या पानावर लिहिलं होतं.

त्या दिवशी दुपारी ताईंना हुडहुडी भरली. झिप मोजता मोजता त्या स्टुलावरून एका बाजूला कलंडल्या. मावशींनी आणि आणखी दोघींनी त्यांना हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच भाऊ कचेरीतून धावत आला. डॉक्टर बाई ताईंना तपासत होत्या, म्हणून तो पडद्याच्या अलीकडे उभा राहिला.

"दिवसभरात पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी एक भांडं," ताईंचा आवाज बारीक झाला होता.

"आणि नंतर?"

"घरी गेल्यावर."

"अहो, मधले आठ-नऊ तास? तहान लागत नाही?"

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांगा ना. लाजायचं काय त्यात?"

शेवटी मावशी बोलल्या, "बाईसाहेब, प्यायलं तर जायचं कुठं?"

 डॉक्टरांनी विचारलं, "मंडईत बायकांसाठी सोय नाही?"

"आहे की!" मावशी म्हणाल्या. "पण तिथं पोती जातात. पोत्यांना घाईची लागते, आम्हांला काय!"

कुणीच हसलं नाही. पडद्याबाहेरच्या माणसाच्या कानशिलांतून वाफा निघाव्यात तसं झालं.

तपासण्या झाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भावाला बाजूला घेतलं. वर्षानुवर्षं लघवी दाबून ठेवल्याने संसर्ग पुन्हा पुन्हा होत गेला, त्या अंगावर काढत गेल्या. एक मूत्रपिंड कामातून गेलं होतं आणि दुसऱ्याची फारशी खात्री नव्हती.

"या वर्षी मंडईतून आलेली ही पाचवी बाई आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी नगरपालिकेला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं, सोय चालू स्थितीत आहे म्हणून. तुम्ही काय करता?"

"नोकरी."

"कुठे?"

"नगरपालिकेत."

"कुठल्या विभागात?"

हे उत्तर तो सत्तावीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आला होता. "मालमत्ता," तो जमिनीकडे बघत म्हणाला.  डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळल्या.

संध्याकाळी तो ताईंच्या उशाशी बसला. बराच वेळ पांघरुणाचा काठ नीट करत राहिला.

"ताई, ते स्वच्छतागृह... त्याची नोंद मीच करतो. दर वर्षी."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"अरे, तू घरी वह्या आणायचास ना मार्चात. शाईची दौत मीच नाही का भरून ठेवायची? एकदा उघडं पान दिसलं."

"मग बोलली का नाहीस? एका शब्दाने तरी?"

ताईंनी मान भिंतीकडे वळवली. "काय बोलू? धाकट्या भावाला सांगू, की बाबा रे, मला दिवसातून दोनदा कुठं जावं लागतं ते? तुझ्यासमोर तो शब्द कसा काढू तोंडातून?" मग त्या म्हणाल्या, "संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की चपला न काढता मी मोरीकडे धावायची. तू ओसरीत बसलेला असायचास. एकदा म्हणालासुद्धा, ताई, चपला काढत जा ना गं."

ते त्याला आठवत होतं. शब्दन्‌शब्द आठवत होतं. तो उठला आणि दवाखान्याच्या जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बायको डबा घेऊन वर येत होती. तिने विचारलं, "काय झालं? वन्सं बऱ्या आहेत ना?" त्याला तिच्याकडेही बघवलं नाही. ही सुद्धा दर आठवड्याला मंडईत जाते, आणि येताना नेहमी घाईत असते, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

सोमवारी तो कामावर हजर झाला तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक विषय होता. मंडईमागची ती सहा खोल्यांची वास्तू वापरात नसल्याने त्याच व्यापाऱ्याला तीस वर्षांच्या करारावर गोदाम म्हणून द्यायची.

"टिपण तयार करा," साहेब म्हणाले. "आणि त्यात स्पष्ट लिहा, गेल्या अकरा वर्षांत महिलांची एकही तक्रार आलेली नाही."

"साहेब, ते वाक्य मला लिहवणार नाही."

"का? खोटं आहे?"

"नाही साहेब. खरं आहे. मंडईतल्या एकाही बाईने तक्रार केलेली नाही. म्हणूनच लिहवत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "नियमबुवा, बहीण आजारी आहे तुमची, मन ठिकाणावर नाही. मी लिहितो टिपण. तुम्ही सभेत फक्त वाचा. नेहमीसारखं."

सभेचा दिवस उजाडला. लांबट टेबलाभोवती एकवीस सभासद, त्यांत सहा बायका. बायका एका कोपऱ्यात बसत. बहुतेकींचे नवरे मागच्या बाकांवर बसून खुणा करत आणि त्याप्रमाणे हात वर होत. नियमबुवा उभा राहिला. टिपण त्याने वाचलं. "गेल्या अकरा वर्षांत महिलांची एकही तक्रार प्राप्त झालेली नाही" इथवर वाचून झालं तरी तो खाली बसला नाही.

"विषय मंजूर?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"अध्यक्ष महाराज, आणखी एक सांगायचंय. याच वास्तूची नोंद मी अकरा वर्षं 'चालू स्थितीत' अशी केली आहे. ती खोटी आहे. मी एकदाही तिथे पाहणीला गेलो नाही. मंडईतल्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून बसतात. जायची वेळ येऊ नये म्हणून पाणी पीत नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचं एक मूत्रपिंड त्यातच गेलं."

'लघवी' हा शब्द सभागृहात पडला तसं कुणीतरी फिस्सकन हसलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, जरा भान ठेवा! बायामाणसं बसलीत इथं."

"त्यांच्याचबद्दल बोलतोय," तो म्हणाला. 

"वैयक्तिक अडचणी सभेत नकोत," नगराध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

तेवढ्यात कोपऱ्यातली एक सभासद बाई उठून उभी राहिली. चार वर्षांत ती सभेत एकदाही बोलली नव्हती. हजेरीपटावर सही करायची आणि घरी जायचं. तिचा नवरा मागून "बस, बस" अशा खुणा करायला लागला.

"सभेच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही," ती म्हणाली. "या इमारतीतली बायकांची खोली दोन वर्षांपासून जुन्या फायलींनी भरलीय. आम्ही सहाही जणी नाही पीत. विचारा यांना."

उरलेल्या पाच जणींनी माना खाली घातल्या. नाही मात्र एकीनेही म्हटलं नाही. मागच्या बाकांवरचे नवरे एकमेकांकडे बघू लागले. त्यांतल्या एकाने पाण्याने भरलेला पेला तोंडाला लावला होता, तो त्याने हळूच खाली ठेवला.

विषय त्या दिवशी मंजूर झाला नाही. खोल्या पंधरा दिवसांत मोकळ्या कराव्यात असं ठरलं. व्यापाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. खोट्या नोंदी केल्याबद्दल नियमबुवाला मात्र निलंबनाचा कागद मिळाला. शेजारपाजारचे म्हणाले, बिचारा खरं बोलून फसला. त्याला तसं वाटलं नाही. कागदावर लिहिलेला शब्द न्‌ शब्द बरोबर होता. त्याने खुलाशात एकच ओळ लिहिली, 'आरोप मान्य आहे.' खाली त्याने न बघता केलेल्या आणखी सात नोंदींची यादी जोडली. मुलींच्या शाळेची एक खोली त्यात होती, बाळंतिणींच्या दवाखान्यातला एक नळ होता. कुणी मागितली नसतानाही ती यादी तो स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवून आला.

ताई आता घरी होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागे. दुकान बंद पडेल या काळजीने त्या झोपेनात. भाऊ म्हणाला, "मी बसतो."

"तुला लेस तरी कळते का रे?"

"सांगशील तशी मोजेन."

पहिल्या दिवशी तो स्टुलावर बसला तेव्हा आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली होती आणि निळ्या दारांवरची कुलपं तशीच होती. साडेदहाला मावशींनी सवयीने किटली पुढे केली.

"घ्या भाऊ. तुम्हांला काय, घ्या."

त्याने कप घेतला. ऊन वाढलं, मग दोन पेले पाणीही प्यायला. बाराच्या सुमाराला तो उठला. पुरुषांची मुतारी वीस पावलांवर होती, उघडी, दिवसभर वाहत असलेली. दोन मिनिटांत तो परत आला.

दुकानापाशी पोचल्यावर त्याने मान वर केली. ओळीतल्या सगळ्या बायका आपापल्या जागी तशाच बसलेल्या होत्या. कुणी भाजी निवडत होती, कुणी वजन करत होती. प्रत्येकीच्या शेजारी पाण्याची बाटली होती, आणि प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"आलात इतक्यात?" मावशींनी विचारलं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं, सहज विचारलं होतं.

त्याला त्यांच्याकडे बघवेना. समोर एक गिऱ्हाईक दोन मीटर लेस मागत होतं. त्याने लेस हातात घेतली आणि मोजायला लागला, आणि मोजता मोजता तीनदा चुकला.