एक सूत आखूड

देवाशपथ सांगते, माझ्या अंगावरच्या सगळ्या आकड्यांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठावं, आणि जाताना दार लावून घ्यावं.

बसलात? बरं. तर मित्रांनो, मी एक जुनी पट्टी. मासे मोजायची. अमेरिकेत, अलाबामात, हॉर्नबीम तळ्यावर बास जातीचे मासे पकडायच्या स्पर्धा होतात ना, तिथं तीस वर्षं मासा खरा की आखूड, हे मी ठरवलं. आणि एका माणसाचं वाटोळंही मीच केलं. ते सांगायला बसलेय.

माझं झाड लाल देवदाराचं. धरण झालं, पाणी चढलं, पण ते काही हललं नाही. वीस वर्षं गळ्याएवढ्या पाण्यात उभं. त्याच्या बुडालेल्या फांद्यांवर कॅटफिश रांगेनं बसायचे, कावळ्यांसारखे, आणि दिवस मावळला की जागेवरून भांडायचे. हसू नका. शपथ घेतलीय मी.

थर्मन पिकेटनं ते झाड पाण्यातून ओढून काढलं. वखारीत करवतीवर आयुष्य घालवलेला माणूस तो. त्यानं माझी पन्हळीसारखी पाठ कोरली, तापल्या खिळ्यानं एकेक इंच डागला आणि चौदाच्या रेघेला लाल रंग दिला. एका टोकाला उभी फळी ठोकली. मासा आडवा ठेवायचा, तोंड मिटायचं, नाक त्या फळीला टेकवायचं, शेपटी चिमटीत धरायची. टोक लाल रेघेला लागलं तर मासा खरा. नाही लागलं तर आखूड.

आणि आखूड मासा वजनाच्या काट्यापर्यंत आणणं म्हणजे मासेमारांच्या क्लबात मोठं पाप! एका बोटीचे पाच मासे मोजायचे, जिवंत, आणि परत पाण्यात सोडायचे. पाचातला एक जरी आखूड निघाला, तरी दिवसभराची सगळी पकड बाद.

माझी काय ऐट होती म्हणून सांगू! थर्मन मला उचलून सगळ्यांना दाखवायचा, "ही बघा. हिला ना कुणी मामा, ना कुणी काका." त्याच्या सख्ख्या मेव्हण्याचा मासा मी आखूड ठरवला, तेव्हा त्याची बायको महिनाभर त्याला कालचाच मक्याचा पाव वाढत होती. थर्मननं तो चहात बुडवून खाल्ला, पण पट्टीचा शब्द फिरवला नाही.

स्पर्धा संपली की तो मला मांडीवर घ्यायचा. उभ्या फळीवर माशांच्या नाकाचा चिकटा वाळलेला असायचा, तो खिशातल्या चाकूनं हळूहळू खरवडायचा, मग जवसाचं तेल चोळायचा. "स्वच्छ पट्टी खोटं बोलत नाही," म्हणायचा. मला गुदगुल्या व्हायच्या. काही वर्षांनी नाक टेकायच्या जागी एक छोटीशी खळी पडली. मी खूश! गालावर खळी पडली तर कुणाला वाईट वाटतं?

इथं मी चुकले, मित्रांनो. मला कळायला हवं होतं.

ऑक्टोबरातली शेवटची स्पर्धा होती. त्यात जिंकणारी बोट राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. लेम गॅडिस आणि त्याची मुलगी रोवेना एका बोटीत. लेम पकडायचा, रोवेना बोट चालवायची आणि मासे मोजायची. त्यांच्या पिशवीतले चार मासे असले दांडगे होते, की वजनाच्या काट्याशी उभी असलेली माणसं खारट शेंगा खायची थांबली. पाचवा लहान. थर्मननं तो माझ्यावर ठेवला. नाक खळीत बसलं. शेपटी लाल रेघेच्या अलीकडेच थांबली. एक सूत कमी. इंचाचा आठवा हिस्सा, बस्स.

"आखूड," थर्मन म्हणाला.

"परत बघ," लेम म्हणाला. "बोटीत दोनदा मोजलाय."

थर्मननं परत ठेवला. परत आखूड.

"माझ्या पट्टीवर ठेव की एकदा!"

"नियम एकच आहे, लेम. क्लबची पट्टी."

मग लेमची पट्टी माझ्याशेजारी ठेवली. रेघेला रेघ जुळली. कुणीतरी सुताराची लोखंडी फीत आणली, ती फळीला टेकवली, तरी चौदाला चौदाच. फितीचं टोक सपाट, मित्रांनो. ते खळीच्या दोन्ही काठांवर बसलं, आत शिरलंच नाही. माशाचं नाक निमुळतं, ते मात्र शिरत होतं, आणि शेपटी तेवढीच मागं सरत होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण तेव्हा मला तरी कुठं कळलं होतं!

"दोन्ही पट्ट्या सारख्या," थर्मन म्हणाला. "म्हणजे मोजणारा हात चुकला. नाहीतर चुकवला."

रोवेनाचा चेहरा पांढरा पडला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात लेम पुढं झाला. "हात माझा होता. मीच मोजला."

सगळी पकड बाद झाली. लेम स्वतःहून म्हणाला, खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसवा मला. मोठ्या स्पर्धांत जिंकणाऱ्यांना बसवतातच. बसला. "मुद्दाम आखूड मासा आणलास का?" विचारलं, तो "नाही" म्हणाला, आणि यंत्रानं मान्य केलं. तर लोक काय म्हणाले ठाऊक आहे? "यंत्र बिघडलं असेल. थर्मनची पट्टी बिघडणार नाही."

बघा माझा मान! असा मान कुणाच्या नशिबी येऊ नये.

पुढं लेम पेट्रोल भरायला गेला, की कुणी ना कुणी दोन बोटं अंतरावर धरून दाखवायचं. "लेम, तुझी गाडी किती फुटी रे? पाण्यात मोजलेली सांग, की जमिनीवर?" मग हशा. लेमनं मासेमारीची बोट विकून टाकली. रविवारी प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायला लागला. आणि रोवेना? तिला रोज एकच प्रश्न खात होता. माझा हात चुकला का? माझ्यापायी बाबांवर बालंट आलं का?

मलाही फार दिवस मिरवता आलं नाही. थर्मनचे हात थरथरायला लागले आणि क्लबनं धातूची चकचकीत पट्टी आणली. मी छपरीत खिळ्याला लटकले. धूळ, कोळिष्टकं, आणि एक गांधीलमाशी भाडेकरू.

सहा वर्षं गेली. वसंतातल्या स्पर्धेच्या दिवशी दुपारी मासे तळायचा बेत होता. कुणीतरी मला खिळ्यावरून काढून माझ्यावर मक्याचे पाव मांडले! तीस वर्षं न्याय केला आणि शेवटी पावाची ताटली झाले. रोवेना मोठं पातेलं घेऊन वाढायला आली होती. ती क्लबात फिरकायची नाही, पण त्या दिवशी तिच्या मावशीनं ओढून आणलं होतं.

"मावशी, ही ती पट्टी ना?"

"असेल. पाव उचल, माशा बसतायत."

रोवेनानं पाव उचलले आणि भुगा झाडायला फळीवरून अंगठा फिरवला. अंगठा खळीत बसला. थेट बसला, जणू मापानं केलेली. ती थांबली. परत फिरवला. मग पातेलं तिथंच टाकून सोडायच्या माशांच्या टाकीकडं धावली, हात ओले केले, एक बास उचलला. धातूच्या पट्टीवर ठेवला, पंधरा इंच. माझ्यावर ठेवला, एक सूत कमी. दुसरा मासा. एक सूत कमी. तिसरा.

"मिस्टर थर्मन," तिनं हाक मारली. "जरा इकडं या."

थर्मन काठी टेकत आला. "काय गं पोरी?"

"अंगठा ठेवा इथं."

त्यानं ठेवला. बराच वेळ काढलाच नाही. मग खिशातून तोच चाकू काढला, त्याचं पातं खळीला लावून बघितलं. तंतोतंत.

"हे मी केलंय," तो म्हणाला. "मीच खरवडलंय हे."

"माझा हात बरोबर होता?" रोवेनानं विचारलं.

"तुझा? लेम तर म्हणाला..." म्हणजे मोजलं होतं पोरीनं, आणि आळ घेतला होता बापानं. आता त्याला सगळंच कळलं.

अर्ध्या तासात तो मला मांडीवर घेऊन रोवेनाच्या गाडीत होता. वाटभर मी मनात मोजत होते, माझ्यामुळं अजून कितीजण मान खाली घालून घरी गेले असतील? हिशेब लागेना.

लेम व्हरांड्यात वाटाणे सोलत होता. थर्मन पायरीशीच उभा राहिला.

"लेम, तुझा मासा चौदाचा होता. पट्टी खोटी होती. माझी." त्यानं टोपी काढली. "उद्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगणार आहे."

लेमनं मला हातात घेतलं, खळीत अंगठा घातला. मग रोवेनाकडं बघून म्हणाला, "मला ठाऊकच होतं, पोरी. तुझा हात कधीच चुकला नव्हता." रोवेना तिथंच पायरीवर बसून रडली. मग लेम थर्मनकडं वळला आणि म्हणाला, "जाऊ दे, थर्मन. ये, बस. चहा घे."

तर मित्रांनो, माझी एकच विनवणी. कुणाला खोटं म्हणायच्या आधी आपल्या पट्टीवरून अंगठा फिरवून बघा. डोळ्यांनी बघू नका, डोळ्यांना ती सरळच दिसते. आणि जिच्यावर फार विश्वास टाकता, तिची आधी तपासणी करा. मला तीस वर्षांत तेल पुष्कळ मिळालं, पण तपासलं कुणीच नाही.

आता उठा. जेवायची वेळ झाली.

थांबा. शपथ घेतलीय, तेव्हा सांगून टाकते. एक गोष्ट मी पदरची घातली. लेम "जाऊ दे" म्हणाला नाही. थर्मन दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला, ते खरं. रोवेनाला लेम जे म्हणाला, तेही खरं. पण थर्मनला तो काहीच बोलला नाही. मला पायरीवर ठेवलं, वाटाण्यांची टोपली उचलली आणि आत गेला. जाळीचं दार आपटलं. थर्मन टोपी हातात धरून तसाच उभा राहिला.

ते दोन शब्द मलाच ऐकायचे होते, म्हणून घातले.