राजनंदिनीच्या पोटातलं गुंतवळ

शी! लेकीच्या उलटीत केस निघाले तेव्हा सत्यशीलेला आधी मळमळलं आणि मग संताप आला. हिरवट पाण्यात काळं गुंतवळ, त्याला भाताची शितं चिकटलेली. वास असा की कुत्रंसुद्धा जवळ फिरकेना. पोटातून केस निघाले म्हणजे करणी, हे उमापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि करणी कोण करणार? भिंतीला भिंत लागून राहणारी धाकटी जाऊ, योगिता. दुसरं कोण!

"माज्या लेकीला काय चारलंस गं, सटवे?" तिनं भर गल्लीत विचारलं.

योगिता रडकुंडीला आली. "जाऊबाई, मला मागून शिव्या द्या. आदी पोरीला दवाखान्यात न्या. पोट बगा, दगडावानी लागतंय."

पण डोक्यात राख घातलेली बाई ऐकते कुणाचं? तिनं दहा वर्षांच्या राजनंदिनीला देवऋष्याकडं नेलं. त्यानं लिंबू उतरवलं, अंगारा चाटवला आणि करणी खाली सरकावी म्हणून पोट दाबून दाबून चोळलं. पोरगी किंचाळली आणि एकदम गप्प झाली. डोळे फिरले, अंग गार पडलं. मग गाडी कुणी आणली? योगितानंच. दोघी जावा पोरीला घेऊन बीडला पळाल्या.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी ट्रे पुढं केला. काळा बुळबुळीत गोळा, थेट जठराच्या आकाराचा, खाली आतड्यात गेलेली लांब शेपटी. कुजक्या अन्नाची घाण दरवळली. सत्यशीला भिंतीला धरून ओकली.

"करणीबिरणी काही नाही. स्वतःचेच केस उपटून खाल्लेत, कैक वर्षं. हाही एक आजार असतो. जठर फाटलंय, पोटभर पू झालाय. वाचेल का, आज सांगता येत नाही."

पोरीच्या कानामागं टक्कल पडलं होतं, त्याला ही बया चाई समजून खोबरेल चोळत बसली होती!

पोरगी चिवट निघाली. ताप उतरला, तिनं डोळे उघडले. तोंडाला तोच घाणेरडा वास होता आणि सत्यशीलेचा पदर आपसूक नाकाशी गेला. पोरीनं ते पाहिलं.

"आई, माजी किळस येती का गं तुला?"

येत होती. खोटं कशाला बोला! सत्यशीलेनं पदर खाली टाकला, वाकली आणि लेकीच्या ओठांचा मुका घेतला.

"येती," ती म्हणाली. "पन तू हायस न्हवं."