ओळीतला शेवटचा पॉप्लर

मित्रांनो, १९८१ साली सेयिलकानला मुलगा झाला आणि त्याच वसंतात तिच्या नवऱ्यानं आम्हा भावंडांच्या काड्या पाटाच्या काठी खोचल्या. मी एक जुना पॉप्लर आहे. आमच्या किर्गिझ खेड्यात मुलगा जन्मला की आम्हाला लावतात आणि त्याचं लग्न ठरलं की आम्हाला कापून त्याच्या घराच्या तुळया करतात.

आम्ही वाढलो तेव्हा अक्रोडाच्या जंगलापासून खाली नदीपर्यंत गावातल्या सगळ्या मुलांच्या झाडांची सलग रांग होती. तिन्हीसांजेला वटवाघळं जंगलातून निघत, आमच्या आडोशानं नदीवर जात आणि वाटेत सफरचंदांना कीड लावणारे बागांतले पतंग फस्त करत. मग एकेका मुलाचं लग्न होत गेलं. दर लग्नात गाणी होत, आणि रांगेला खिंडार पडे. सेयिलकानचा कुबात मात्र मॉस्कोला कामाला गेला, तो तिकडचाच झाला. त्याच्या वाट्याची झाडं शेजाऱ्यांनी मागून नेली. मी तेवढा उरलो. वटवाघळं येईनाशी झाली, सफरचंदं किडू लागली. वारा सुटला तरी माझ्या सळसळीला उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

एका शरदात कुबातचा फोन आला. "आई, मला आता कुठलं घर नि कुठलं छप्पर! विकून टाक ते झाड."

करवतवाल्याला निरोप गेला. त्याच सकाळी नुरझात नावाची तरुणी आली. रानं, बागा आणि झाडांच्या रांगा एकमेकींना कुठं जोडल्या आहेत, याचा ती नकाशा करत होती. तिनं आकाशातून घेतलेली दोन छायाचित्रं सेयिलकानला दाखवली. जुन्यात जंगलापासून नदीपर्यंत हिरवी रेघ. नव्यात एक ठिपका.

"अपा," वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे म्हणतात तसं ती म्हणाली, "हे तुमचं झाड."

"अगं बाई, एवढ्याशा ठिपक्यासाठी डोंगर चढलीस? आधी चहा घे."

"नुसत्या ठिपक्यावरून वटवाघळं जात नाहीत, अपा. इथं मला 'तुटलं' असं लिहावं लागेल."

सेयिलकाननं माझ्या खोडावर हात ठेवला. "लिही. तुटलंच आहे ते."

दुपारी करवतवाला आला. सेयिलकान त्याला म्हणाली, "बुंध्याला हात लावायचा नाही. फांद्या तेवढ्या उतरव."

त्या फांद्यांच्या काड्या करून तिनं वाकत, थांबत पाटाच्या काठी खोचल्या. शेजारीण ओरडली, "काय गं, या वयात मुलगा झाला की काय?"

"झाला ना, वटवाघळांना!"

दोन उन्हाळे पाणी घालून सेयिलकान गेली. कुबात मातीला आला, माझ्या बुंध्याशी बसून राहिला आणि परत गेला. नुरझात आता पलीकडच्या खोऱ्यात काम करते. तिच्या नकाशावर आमच्या पाटाला तुटक हिरवी रेघ आहे.

पोरं अजून माझ्या निम्म्यालाही आलेली नाहीत. काल सांजेला एक वटवाघूळ माझ्यापर्यंत आलं, एक घिरटी घालून मागं फिरलं. मित्रांनो, तुमच्या गावात ओळीतलं एखादंच झाड उरलं असेल, तर ते तोडू नका. त्याच्या शेजारी एक काडी खोचा. ती वाढेपर्यंत त्याला उभं राहू द्या.