तलवारीचा म्हणून दाखवलेला ओरखडा

"आणि हा ओरखडा बघा," गाईडने नेहमीप्रमाणे आवाज खाली आणला. "लढाईच्या आदल्या दिवशी सेनापतीने रागाच्या भरात इथे तलवार आपटली."

दोरीपाशी उभे असलेले पर्यटक पुढे झुकले. राजवाड्याचं वस्तुसंग्रहालय झाल्यापासून भोजनगृहातलं हे लांबलचक मेज लोकांना सर्वांत जास्त आवडायचं, ते या ओरखड्यामुळेच. गाईड गेली सत्तावीस वर्षं हीच गोष्ट सांगत होता. बाहेरचा चित्रं विकणारासुद्धा आता तीच सांगायचा.

मंडळी बागेकडे वळली, तशी नव्या बाई दारातून आत आल्या. संग्रहालयाच्या या तरुण अधिकारी तीन महिन्यांपासून जुनं दप्तर उपसत होत्या.

"काका, ही तलवारीची गोष्ट कुठून आली?"

"जुन्या लोकांकडून ऐकलेली."

बाईंनी हातातली फाइल उघडून त्याच्यापुढे धरली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मेजाचा पाय मोडला होता. तो दुरुस्त करताना सुताराची पटाशी निसटली आणि वरच्या फळीवर ओरखडा उठला. निष्काळजीपणाबद्दल सुताराला कामावरून कमी केलं. खाली त्याचं नाव होतं.

"नवीन फलकावर हेच लिहिणार आहे," बाई म्हणाल्या. "आता तलवार बंद करायची हं, काका."

त्याने मान हलवली. सुताराचं नाव त्याने वाचलं, पण वाचल्याचं दाखवलं नाही. तो सुतार त्याचा बाप होता.

नोकरी गेल्यावर वडिलांनी लोकांची दारं-खिडक्या दुरुस्त करून संसार ओढला. बाजारात जायचं तर राजवाड्यावरून न जाता मागच्या रस्त्याने लांबचा फेरा घालून जायचे. मुलाला इथेच गाईडची नोकरी लागली, तेव्हा एवढंच म्हणाले, "टिकव." पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, हा ओरखडा कसला? गाईडच्या तोंडून तलवार निघून गेली. लोकांना पटली. मग ती मागे घेणं त्याला जमलं नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा आत काय सांगतो हे त्यांच्या कानावर आलं होतं की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग सांगून टाका ना बाईंना, मामंजी होते म्हणून. माणुसकी असेल तर गाळतील नाव."

"गाळतील. तेच नकोय."

"का?"

"नाव गाळलं की उरतो कोण? एक निष्काळजी सुतार."

बायकोने हातातला सदरा तसाच मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालय उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला. सांगितलं तेव्हा बाईंनी लेखणीला टोपण लावलं. म्हणाल्या, "मी नुसतं 'दुरुस्तीत ओरखडा पडला' एवढंच लिहिते, काका. नाव नको."

"नाव घालाच. पण लिहायचं तर अख्खं लिहा. मेज आज चार पायांवर उभं आहे ते त्यांनी जोडलं म्हणून. तुमच्या फाइलीत ओरखडा आहे, जोड नाही."

बाईंनी फाइल पुन्हा चाळली. पाय जोडल्याचा उल्लेख खरंच नव्हता.

पंधरा दिवसांनी फलक लागला. चार ओळींचा. त्या दिवशीच्या पहिल्या तुकडीला त्याने सगळं साध्या आवाजात सांगितलं: पटाशी, ओरखडा, गेलेली नोकरी, जोडलेला पाय. सुताराचं नाव घेतलं. आपलं नातं सांगितलं नाही.

"म्हणजे तलवार नाहीच होय," एक जण म्हणाला आणि खिडकीकडे वळला. त्याच्यामागे बाकीचेही हळूहळू बागेकडे निघाले.

एक वयस्क बाई मात्र मागे राहिल्या. "यातला जोडलेला पाय कुठला?"

"मलाही माहीत नाही," गाईड म्हणाला. "बऱ्याचदा बघितलंय. सापडत नाही."

त्या वयस्क बाईंनी चष्मा लावला. गाईडने दोरी वर उचलून धरली. त्या गुडघ्यावर बसल्या आणि पहिल्या पायावरून वरून खाली सावकाश बोट फिरवू लागल्या. मग दुसऱ्यावरून. मग तिसऱ्यावरून.