चाळून उरलेल्या फेऱ्या

गॅरेजच्या माळ्यावर जावई कॉम्प्युटर उघडून बसला होता आणि त्याच्या पाठीशी, जुन्या गाडीतून काढलेल्या सीटवर, सासूबाई ठाण मांडून होत्या. घरात शर्यतीची गाडी एकच, चालवणारी पोरं दोन: थोरला लेक आणि धाकटी लेक, जावयाची बायको. पुढच्या मोसमात गाडी कुणाच्या हाती, ते संध्याकाळपर्यंत क्लबला कळवायचं होतं. या घरात शेवटचा शब्द बाईंचा, आणि बाईंना थोरलाच हवा होता. गाडी गेली तर त्याच्यापाशी दुसरं होतं काय? पण नुसतं म्हणून टाकलं तर लेकीचं तोंड वर्षभर फुगणार. म्हणून ही तुलना मांडायला लावली होती.

जावयाने पडद्यावर चौकोन मांडून ते बाणांनी जोडले होते. पहिल्यात दोघांच्या साऱ्या फेऱ्यांच्या वेळा ओतायच्या, मधले चौकोन त्यातल्या नको त्या गाळणार, शेवटचा दोघांची सरासरी शेजारी शेजारी ठेवणार. बाईंना शाळा फारशी ठाऊक नव्हती, पण चाळणी ठाऊक होती.

पहिल्याच खेपेला लेक पुढे आली.

"येणारच," बाई म्हणाल्या. "चाळणी नवऱ्याच्या हातची."

जावयाने चष्मा पुसला. सासूबाईंना उलट बोलायचं नाही, एवढं तरी तो या घरात येऊन शिकला होता.

मग बाईंनी पावसातल्या फेऱ्या काढायला लावल्या. थोरल्याला ओला रस्ता कधीच मानवला नव्हता. लेक पुढेच. झिजलेल्या टायरांवरच्या काढायला लावल्या. तरी लेकच. थोरला दुसऱ्याच्या गाडीमागे अडकला होता त्या काढल्या, तापात चालवली होती तो अख्खा दिवस काढला. दरवेळी जावई निमूटपणे एक चौकोन जोडी, आणि अंतर थोडं थोडं आटे. साखळी पडद्याच्या काठापर्यंत गेली. बाईंची कंबर धरली, डोळे चुरचुरू लागले, चहा केव्हाच निवला. स्वतःच्याच आवाजाचा त्यांना वीट आला होता. खाली थोरला गाडीचं चाक काढत होता. पाना मधूनच थांबे, बराच वेळ थांबे.

तेल सांडलेल्या वळणाचं निमित्त काढून त्याही फेऱ्या गाळल्या आणि थोरला पुढे सरकला. केसभर.

बाईंना बरं वाटायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "उरल्या तरी कुठल्या?"

"सगळ्या सुरुवातीच्या, आई. गाडी सुटल्या सुटल्या अजूनही दादाच पुढे असतो."

"आणि मग?"

"मग हात भरून येतात त्याचे."

हे बाईंनी वर्षभर पाहिलं होतं. शर्यत संपली की तो दार धरून उतरायचा आणि टायर बघायचं सोंग करत वाकून राहायचा, धाप ओसरेपर्यंत. त्या टायरला नावं ठेवत होत्या, पावसाला ठेवत होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"पुढे माझी बायको आहे, आई. माझ्या तोंडी ते शोभलं नसतं."

बाई उठल्या. कठडा धरत त्या जिना उतरल्या. थोरला टायरांच्या चळतीवर बसला होता, पाना मांडीवर.

"कोण पुढे?" त्याने मान वर न करताच विचारलं.

तू, म्हणता आलं असतं. आकडा तयार होता वर.

"सुरुवातीला तू," त्या म्हणाल्या. "नंतर तीच."

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "गाडी गेल्या मोसमातच सोडणार होतो. तुला काय वाटेल म्हणून ओढली."

बाई त्याच्या शेजारी टेकल्या. एवढा वेळ ज्याच्यासाठी भांडत होत्या, तो त्यांच्यासाठीच दमत होता.

"मुकाट झोप काढ चार दिवस," त्या म्हणाल्या. "डोळे बघ कसे खोल गेलेत."

मग माळ्याकडे मान करून त्यांनी हाक दिली, "जावईबापू, कळवा क्लबला. बायकोचंच नाव घाला. आणि फार हसू नका."

वरून कुणी हसल्याचं ऐकू आलं नाही. नुसती बोटं चालल्याचा आवाज आला. बाई उठणार होत्या, पण थोरल्याने डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं होतं, आणि ते चांगलंच जड होतं.